कोणत्याही आवाजाला बुजत नाही

वहिनींनी ठाणाच्या दाराआड उभं राहून पुन्हा एकदा टाळी वाजवली. या वेळी इतकी जोरात, की तळहात झणझणले. शेजारच्या ठाणातला तपकिरी घोडा दचकून भिंतीला टेकला, छपरातली कबुतरं फडफडत बाहेर गेली. पांढरी घोडी गवत चघळत होती, ती चघळतच राहिली. तिचा एक कानसुद्धा मागे वळला नाही.

"एक कान तरी हलव, माझे आई," वहिनी पुटपुटल्या.

घोडीने शेपटीने माशी हाकलली.

ती दोन महिन्यांपूर्वी दगडाच्या खाणीवरून आली होती. तिथे सुरुंग लावायचे तेव्हा तिला जवळच्याच खांबाला बांधून ठेवत. पहिल्या वर्षी ती दावं तोडून उधळायची म्हणे. दुसऱ्या वर्षी नुसती थरथरायची. तिसऱ्या वर्षी काहीच करेनाशी झाली, तेव्हा खाणवाल्याला वाटलं, शहाणी झाली. भाऊजींना तसं वाटलं नाही. त्यांनी घोडीच्या कानामागे किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवून बघितला, मान डोलावली आणि घरी येऊन वहिनींना म्हणाले, "जाहिरात लिहा."

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. त्यांचा घोड्यांचा व्यापार होता. नवरा गेल्यापासून वहिनी पागेच्या वरच्या दोन खोल्यांत राहत होत्या, दिवसभर खाली-वर करत होत्या आणि घोड्यांच्या जाहिराती लिहीत होत्या. आधी भाऊजी स्वतःच लिहायचे, पण त्यांना धडधडीत खोटं लिहायची सवय होती आणि त्याने गिऱ्हाइकं परत येऊन भांडायची. वहिनींनी एक शिस्त घालून दिली: खोटा शब्द एकही लिहायचा नाही. लाथ मारणारा घोडा 'पायाने चपळ' झाला, चावरा 'स्वाभिमानी', म्हातारा 'अनुभवी', आणि मालकाला वाटेत पाडून एकटाच परत येणारा 'घरची ओढ असलेला'. फोटोचंही तसंच. घोड्याशेजारी नालबंदाला उभं करायचं. नालबंद इतका ठेंगणा होता, की त्याच्या बाजूला शेळीसुद्धा उमदी दिसली असती.

भांडणं थांबली. मागच्या वर्षी एक शिंपीण तेवढी आली होती, उजवा हात गळ्यात अडकवून. घरची ओढ असलेला घोडा तिने नेला होता. ती फाटकात उभी राहून जाहिरातीचं कात्रण नुसतं पुढे धरत होती. भाऊजी शांतपणे म्हणाले, "यात खोटा शब्द कुठला, तेवढा दाखवा." तिने दोनदा वाचलं, कात्रणाची घडी घातली आणि निघून गेली. वहिनी वरच्या खिडकीतून बघत होत्या. खरं तर त्यांना तेव्हाच लाज वाटायला हवी होती. वाटली ती थोडी ऐट. लाज नंतर आली, भांडी घासताना, आणि मग ती काही गेली नाही.

पांढऱ्या घोडीसाठी त्यांनी लिहिलं होतं: 'वय आठ. प्रकृती उत्तम. मुलांना लळा लावणारी. कोणत्याही आवाजाला बुजत नाही.' शेवटचं वाक्य भाऊजींना इतकं आवडलं, की त्यांनी ते ठळक छापायला सांगितलं.

आज सकाळी चहाच्या वेळी भाऊजी खुशीत होते.

"अकरा वाजता गिऱ्हाईक येतंय," ते म्हणाले. "घड्याळजी आहेत. पोरीसाठी घोडी हवीय. घर रेल्वेच्या रुळांपलीकडे आहे, तिथे फाटक-बिटक काही नाही. पोरगी रोज घोड्यावरून रूळ ओलांडून शाळेत जाणार. फोनवर तुमचं वाक्य मला पाठ म्हणून दाखवलं त्यांनी."

वहिनींच्या हातातली बशी थांबली.

"भाऊजी, रूळ आहेत तर…"

"तर?"

हे त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. भाऊजी कधी आवाज चढवत नसत. ते खालच्या आवाजात बोलू लागले, की पागेतलं जनावरही अंग चोरून उभं राही, आणि वहिनी तर त्यांच्याच छपराखाली सात वर्षं राहत होत्या.

"तर काही नाही. साखर पुरेशी आहे का, विचारत होते."

जाहिरात लिहिताना त्यांना वाटलं होतं, घोडी जाईल कुठल्या तरी बागेत, फेऱ्या मारेल, आपली सुखात राहील. रूळ त्यांच्या डोक्यातही आले नव्हते. आता डोळ्यांसमोरून हलत नव्हते. न ऐकणारं जनावर, पाठीवर पोर, आणि मागून येणारी गाडी. पोरगी निदान ऐकेल, असं त्या स्वतःला सांगत होत्या. गाडीचा आवाज आला की लगाम खेचेल. पोरं काही बहिरी नसतात.

फाटकाबाहेर स्कूटर थांबली. अकराला पाच मिनिटं कमी होती.

घड्याळजी बारीक चणीचे होते, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. मुलगी अकराएक वर्षांची, दोन घट्ट वेण्या, पायात गुडघ्यापर्यंतचे जुने बूट. ती आल्या आल्या अंगणात न थांबता सरळ घोडीकडेच गेली.

"नाव काय गं बाळ?" वहिनींनी मागून विचारलं.

मुलीने वळूनही पाहिलं नाही. तिने घोडीच्या मानेवर हात ठेवला होता.

"ती घोडा दिसला की कुणाची नसते," घड्याळजी हसून म्हणाले. मग खिशातून कात्रण काढलं. त्याच्या घडीवर घडी पडून चिरा गेल्या होत्या. "तीन महिने जाहिराती वाचतोय. सगळीकडे आपलं 'उत्तम', 'देखणी', 'राजेशाही'. कामाचं वाक्य एवढं एकच सापडलं. कुणी लिहिलं हो?"

"आमच्या वहिनी लिहितात," भाऊजी कौतुकाने म्हणाले. "त्यांचा हात मोठा सच्चा आहे. वहिनी, चहा टाकता का?"

वहिनी जिन्यापर्यंत गेल्या. जिन्यापाशी नालबंद तपकिरी घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या ओठांत चार खिळे धरलेले होते. घोडी बहिरी आहे हे त्यालाही ठाऊक होतं. नाल मारताना त्यानेच पहिल्यांदा हातोडी आपटून बघितली होती. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने डोळे खाली केले. तोंडात खिळे असणाऱ्याचं एक बरं असतं, त्याला कुणी बोलायला सांगत नाही.

मागे भाऊजी खोगीर चढवत होते. घड्याळजी घोडीच्या पायांवरून हात फिरवत, एकेका सांध्याशी थांबत होते. माणूस नेमका होता. वहिनींच्या मनात आलं, हा डोळ्यांनी बघणारा आहे, याला आपण सांगायची गरज नाही. याला दिसलं पाहिजे. न बुजणारा घोडा आवाजाला हलत नसेल, पण कान तरी वळवतोच. एवढं ज्याला कळतं, त्याला सगळं कळेल. आणि आपण तर काही बोललोच नाही, असंही होईल.

त्यांनी कोनाड्यातला चंदीचा पत्र्याचा डबा उचलला. घोडीच्या मागे दहा पावलांवर येऊन हात सैल सोडले.

डबा फरशीवर पडला, झाकण निसटून गरगरत भिंतीवर आदळलं, हरभरे चौफेर उडाले. तपकिरी घोड्याने पाय ओढून घेतला. नालबंदाच्या ओठांतले खिळे खाली सांडले. भाऊजी दचकले. घड्याळजींनी तर छातीवरच हात ठेवला.

"अहो वहिनी!"

"हातातून सटकला," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे घड्याळजींवर होते. बघा, त्या मनात म्हणत होत्या, कान बघा, कान.

घड्याळजींनी घोडीचे पाय पाहिले. चारही खुर जमिनीवर जिथल्या तिथे होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"मानलं बुवा! मी उडालो, ही जागची हलली नाही. शब्द न् शब्द खरा आहे तुमचा."

"मी म्हटलं होतं ना," भाऊजी म्हणाले. त्यांनी वहिनींकडे मान वळवली. क्षणभर त्यांना हे मुद्दाम केलंय की काय, अशी शंका आलेली दिसली. मग घड्याळजींचं हसू बघून तीही गेली. "मी कागद घेऊन येतो. तुम्ही बघून घ्या अजून."

वहिनी हरभरे गोळा करायला वाकल्या. केलं काय आणि झालं काय! वाकल्या वाकल्या त्यांची नजर मुलीवर गेली. मुलगी घोडीच्या मानेत तोंड खुपसून उभी होती. डबा पडायच्या आधी उभी होती, तशीच. तिच्या बुटापाशी चार हरभरे घरंगळत आले होते. ते दिसल्यावर तिने मान वर केली, आणि हे कुठून आले म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

त्या एवढ्या आवाजाला अंगणात दोघीच हलल्या नव्हत्या.

"तुमची मुलगी…"

"हो," घड्याळजी जवळ येऊन म्हणाले. "तिला ऐकू येत नाही. जन्मापासूनच. आधी सांगितलेलं तिला आवडत नाही, म्हणून बोललो नाही. यंत्र लावून बघितलं, उपयोग नाही. ओठ वाचते, लिहिते-वाचते तर माझ्याहून चांगलं."

"मग रूळ?"

"म्हणूनच तर घोडा!" ते खुलले. अनेकांना समजावून सांगून घासून गुळगुळीत झालेलं ते बोलणं होतं. "आमच्याकडे एक म्हातारा घोडा होता. गेला हिवाळ्यात. त्याचे कान बघून हिला सगळं कळायचं. दोन्ही कान पुढे, म्हणजे समोरून कुणी येतंय. एक मागे, म्हणजे मी दारातून हाक मारतोय. रुळांपाशी ही नेहमी थांबायची आणि त्याच्या कानांकडे बघायची. कान रुळाकडे वळले, की गाडी आहे. वळणाआडची गाडी मला ऐकू यायच्या आधी हिला कळायची. पण तो म्हातारा बुजायचा फार, दोनदा पाडलं त्याने. म्हणून मी शोधत होतो. ऐकेल, पण बुजणार नाही, असा."

ऐकेल, पण बुजणार नाही. वहिनींनी अर्धं वाक्य लिहिलं होतं आणि उरलेलं अर्धं या माणसाने आपल्या पदरचं घातलं होतं. उद्या ही मुलगी रुळांपाशी थांबेल. शहाण्यासारखी थांबेल, घोडीच्या कानांकडे बघेल. कान हलणार नाहीत. मग ती निर्धास्तपणे टाच मारेल.

"आजच बसून जाणार आहे घरी," घड्याळजी मनगटावर बघत म्हणाले. "मी मागून स्कूटरवर. साडेबाराची गाडी जाऊ देतो आणि मग ओलांडतो."

भाऊजी कागद घेऊन आले. घड्याळजींनी तो खोगिरावर ठेवून वाचला, चष्मा वर सरकवला आणि खाली सही केली. सहीसुद्धा बारीक, कोरून काढल्यासारखी. मुलगी आता घोडीच्या पुढ्यात उभी होती. ती कानांकडे बघत होती. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग जाड, सपाट आवाजात म्हणाली,

"हिचे कान हलत नाहीत."

"शांत आहे ना बेटा, म्हणून," भाऊजी म्हणाले.

मुलीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. भाऊजींच्या मिशा ओठांवर चांगल्या दाट उतरल्या होत्या. तिला काही कळलं नाही. तिने बापाकडे पाहिलं, तर तो कागदाची घडी घालत होता. मग तिने वहिनींकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.

वहिनींच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली असायची आणि कमरेला जाहिरातींची छोटी वही. भाऊजींसमोर तोंड उघडणं जमत नव्हतं, पण हात चालू शकत होता. हात आयुष्यभर चालतच आला होता. त्यांनी वही काढली, भाऊजींकडे पाठ केली आणि घाईघाईने लिहिलं: 'हिला ऐकू येत नाही.' पान फाडून मुलीच्या हातात दिलं.

मुलीने वाचलं. तिचा चेहरा एकदम बंद झाला. हे असलं वाक्य तिने आजवर पुष्कळ वेळा वाचलेलं असावं, पाहुण्यांच्या ओठांवर, बाईंच्या ओठांवर, दुकानदारांच्या.

"हो," ती म्हणाली. "माहीत आहे."

आणि तिने तो कागद बापाकडे दिला.

"काय आहे?" भाऊजींनी हात पुढे करून कागद मधेच घेतला. वाचता वाचता त्यांचा चेहरा दगडी झाला. त्यांनी मान वर केली आणि वहिनींकडे पाहिलं. तसं त्यांनी गेल्या सात वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. आता दोन खोल्या गेल्या, खिडकी गेली, सगळं गेलं.

घड्याळजींनी भाऊजींच्या खांद्यावरून डोकावून वाचलं.

"अहो, हो," ते वहिनींना हळुवारपणे म्हणाले. "मी आत्ताच सांगितलं ना तुम्हाला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तिला सवय आहे."

भाऊजींचा चेहरा सैल झाला. नुसता सैल नाही, त्यांना हसू आवरेना. त्यांनी कागद चुरगाळून खिशात टाकला.

"आमच्या वहिनी फार हळव्या आहेत," ते म्हणाले, आणि मग अगदी खालच्या आवाजात, "वहिनी, चहा."

गप्प राहायची एवढी सुंदर संधी वहिनींना आजवर कुणी दिली नव्हती. वहिनी काही बोलल्या नाहीत, तर कुणालाच काही कळणार नव्हतं. कागदावर जे लिहिलं तेही खरंच होतं. त्यात खोटा शब्द कुठला, कुणी दाखवू शकलं नसतं. त्यांचं एक पाऊल सवयीने जिन्याकडे वळलंसुद्धा.

घड्याळजींनी रिकीब धरली. मुलीने डावा पाय तिच्यात अडकवला, खोगीर पकडलं. उडी मारायच्या आधी तिने एकदा मागे पाहिलं. ही बाई आपल्याकडे एवढं का बघतेय, हे बहुतेक तिला कळत नव्हतं.

"घोडीला," वहिनी म्हणाल्या.

म्हणाल्या असं त्यांना वाटलं. आवाज बाहेर आलाच नाही, नुसते ओठ हलले. घड्याळजी रिकीब धरून मुलगी चढायची वाट बघत होते. भाऊजी फाटक उघडायला निघाले होते. नालबंद खिळे वेचत होता. कुणी काही ऐकलं नव्हतं.

मुलीची नजर वहिनींच्या ओठांवर होती.

तिच्या कपाळावर आठी पडली. तिने वहिनींच्या कमरेच्या वहीकडे पाहिलं, मग घोडीच्या कानांकडे. मग सावकाश रिकिबीतून पाय काढून घेतला.

"काय झालं गं?" घड्याळजींनी विचारलं.

मुलगी घोडीच्या डोक्याला वळसा घालून पलीकडे गेली, तिच्या डोळ्यांना दिसणार नाही अशी कानामागे उभी राहिली आणि दोन्ही हात उचलले. तिची टाळी अंगणभर वाजली. ती किती मोठी वाजली, हे तिला कळलं नसणार. तपकिरी घोडा भिंतीला टेकला, छपरात परत येऊन बसलेली कबुतरं पुन्हा उडाली, आणि भाऊजी फाटकाच्या कडीवर हात ठेवून जागच्या जागी वळले.

मुलीने बापाला बोटाने खुणावलं, कुठे बघायचं ते. मग तिने दुसऱ्यांदा हात उचलले, आणि या वेळी सगळे जण घोडीच्या कानांकडे बघत होते.